आतल्या ओळीचं पहिलं बटण

डॉक्टरकडं किस्से असतात, वकिलाकडं असतात, बसच्या कंडक्टरकडं तर पोतंभर असतात. आमचा धंदा इमारतीत उजेड आणायचा. त्यात कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण बेळगावच्या त्या ऑफिसात चौदा वर्षं काढली आणि कळलं, माणसं शेताच्या बांधावरनं भांडतात त्यापेक्षा उजेडावरनं जास्त भांडतात! आता कुठं चार लोक चहाला बसले की माझं सुरू होतं. बायको आतनं म्हणते, झालं, पेटली ह्यांची ट्यूब.

सत्तर-ऐंशीच्या दरम्यानच्या ह्या गोष्टी. कर्नाटकात तेव्हा वीजकपात रोजचीच. आमचे हुद्दार सर आर्किटेक्ट, माणूस अबोल, आणि बोलला तर समोरच्याला घाम फुटायचा. त्यांचं शास्त्र दोन वाक्यांचं होतं. दिवसाचा उजेड फुकट आहे, तो आधी वापरा. कमी पडेल तिथं, कमी पडेल तेवढीच ट्यूब लावा. बस्स. आता ह्याच गोष्टीवर परिषदा भरतात म्हणे. तेव्हा लोक तोंडावर हसायचे.

हसण्यासारखे किस्से सांगतो. सगळेच तसे नाहीत, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

* * *

मी निपाणीचा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली. वडील लवकर गेले. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची, आणि तिच्या हाताच्या जोरावर मी आयटीआयला ड्राफ्ट्समन झालो.

खडेबाजारात सरांचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. मुलाखतीला आम्ही चौघं. सरांनी एकेकाला आत बोलावलं, टेबलावर कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाले, एक सरळ रेघ मारून दाखव. माझ्या आधीचे तिघं मारून बाहेर आले. तिघांचे चेहरे पडलेले. मला कळेना, ड्राफ्ट्समनला रेघ मारता येत नाही व्हय?

मी बसलो. पेन्सिल टेकवली आणि बघतो तर माझ्याच हाताची सावली टोकावर. खिडकी उजवीकडं होती. मी उठलो आणि विचारलं, सर, टेबल फिरवू का? सरांनी मान हलवली. मी टेबल फिरवलं, खिडकी डाव्या हाताला घेतली, आणि परत बसलो.

"रेघ राहू दे," सर म्हणाले. "उद्यापासून ये."

मग त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, आईनं. आईला अक्षर येत नाही. पण आमच्या खोलीत उजेड यायचा तो एका दारातनं, आणि रोज शाळेतनं आलो की ती मला दाराशी डावा हात करून बसवायची. म्हणायची, अक्षरावर सावली पडू देऊ नगं. पुढं ऑफिसात नवीन माणूस आला की त्याचं टेबल सर स्वतः लावायचे आणि माझ्याकडं बोट करून सांगायचे, हा ह्याच्या आईचा नियम आहे.

* * *

आता मल्लाप्पाची ओळख करून देतो. आमचा वायरमन. पिरनवाडीचा, घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि शॉक बसला की दोन्ही. हात इतका स्वच्छ की वायर भिंतीला रेघेसारखी चालायची. फक्त ड्रॉइंग वाचायचा नाही. त्याचं म्हणणं, कागदावर लाईट लागत न्हाई री.

खानापूरला एका सरकारी कचेरीचं काम होतं. लांबलचक हॉल, एका बाजूला ओळीनं खिडक्या. सरांनी ट्यूबच्या तीन ओळी खिडक्यांना समांतर काढल्या आणि प्रत्येक ओळीला एक बटण दिलं. म्हणजे दिवसा खिडकीजवळची ओळ बंद, मधली गरजेपुरती, आणि भिंतीकडची अंधारी ओळ चालू. सोपं आहे. पोरालाही कळेल.

महिन्यानं आम्ही बघायला गेलतो. भर दुपारी खिडकीजवळची ट्यूब जळतेय आणि आत भिंतीकडचा कारकून फाईल नाकाला लावून वाचतोय! सरांनी मल्लाप्पाकडं बघितलं. मल्लाप्पानं खाली मान घालून सांगितलं. वायरिंगच्या वेळी कचेरीतले सगळे त्याच्याभोवती जमले होते आणि त्यांनी आपसात ठरवून टाकलं, पहिलं बटण साहेबांचं, दुसरं शिरस्तेदारांचं, मग उतरत्या पगारानं, आणि भिंतीकडच्या कारकुनापर्यंत बटणच उरलं नाही. बटण म्हणजे मान. मल्लाप्पानं ज्याच्या त्याच्या डोक्यावरची ट्यूब ज्याच्या त्याच्या बटणाला जोडून दिली होती.

शिरस्तेदार म्हणजे साहेबांच्या खालोखालचा माणूस, आणि त्यांचं टेबल नेमकं खिडकीत. सर त्यांच्याकडं गेले. म्हणाले, तुमच्यावर तर ऊन पडलंय, ही ट्यूब बंद केली तर चालेल का?

शिरस्तेदार शांतपणे म्हणाले, "बंद केली की लोकांना वाटतंय मी रजेवर हाय. माघारी जातात बिचारे."

परत येताना सरांनी गाडीतच बोर्ड नव्यानं कागदावर काढला. पुढच्या रविवारी मल्लाप्पानं सगळं वायरिंग बदललं, आणि शिरस्तेदारांच्या टेबलावर बोटाएवढा एक लाल दिवा बसवून दिला. ते असले की तो लागायचा. निवृत्त होताना त्यांनी तो दिवा अर्ज करून मागून घेतला म्हणतात.

* * *

खानापूरच्याच बाजूला जंगलाकडेला एक शाळा. दोन वर्ग, कौलारू छप्पर. वीज आली होती, पण ती येण्यापेक्षा जाण्यातच जास्त असायची. सरांनी छपरात मधेमधे काचेची कौलं बसवायला सांगितली. वर्ग असा लख्ख झाला की पोरं पहिल्या दिवशी तोंड वर करूनच बसली.

दिवाळीनंतर गेलो तर वर्गात अंधार. वर बघितलं, तर काचेच्या कौलांवर शेण लिंपलेलं!

सर तापले. मास्तरांना विचारलं, हे काय? मास्तर साधा माणूस. तो म्हणाला, साहेब, कौलातनं उन्हाचा चौकोन पडायचा आणि दिवसभर वर्गातनं सरकत जायचा. ज्याच्या अंगावर येईल ते पोर उठून दुसरीकडं बसायचं. त्याला धक्का लागून तिसरं उठायचं. आणि चौकोन दाराजवळच्या फरशीवर आला की मधली सुट्टी झाली असं पोरांनीच ठरवलं होतं, माझ्या घंटेला कोण विचारतंय?

सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, शिडी आहे का? साठीला आलेला माणूस, धोतर नाही पण चांगली इस्त्रीची पँट, शिडीवर चढला. मी खालनं शिडी धरलेली. दक्षिणेच्या उतारावरची काचेची कौलं सरांनी एकेक काढली आणि उत्तरेच्या उतारावर नेऊन बसवली. तिकडनं ऊन येत नाही, उजेड येतो. खाली उतरल्यावर हात झटकत मास्तरांना म्हणाले, "चूक तुमची नाही. ऊन वेगळं आणि उजेड वेगळा, हे मी ड्रॉइंगवर लिहायला पाहिजे होतं."

मास्तर खूश झाले. फक्त निघताना हळूच मला म्हणाले, पोरांना आता घंटेची सवय लावायला लागणार.

* * *

बेळगावात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ट्यूब बसवायच्या होत्या. सरांची पद्धत अशी, की काम करायच्या आधी जागेवर अख्खा दिवस बसायचं आणि तासातासाला पेपर कुठपर्यंत वाचता येतो तिथं खडूनं रेघ मारायची. उजेड मोजायचं मीटर आमच्याकडं नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजातनं एकदा उसनं आणलं होतं, ते परत द्यायला लागलं.

तर मी मराठी पेपर घेऊन बसलो आणि मल्लाप्पा कानडी. संध्याकाळी बघितलं तर दोघांच्या रेघा वेगळ्या. त्याचा पेपर माझ्यापेक्षा दोन हात आतपर्यंत वाचता येत होता, कारण त्याची छपाई ठळक. एवढंच कारण! पण हे कमिटीच्या कानावर गेलं आणि आमच्या भागात असल्या गोष्टीचं काय होतं तुम्हाला सांगायला नको. मराठीवाले म्हणाले, आमचं टेबल खिडकीजवळ पाहिजे, आमची अक्षरं बारीक. कानडीवाले म्हणाले, ठळक आहेत म्हणून आम्ही अंधारात बसायचं काय? दोन मीटिंगा ह्याच्यावर झाल्या.

तिसऱ्या मीटिंगच्या आधी सरांनी मला बाजारात पाठवून सुई आणि काळा दोरा आणायला लावला. कमिटीतल्या दोघांना हॉलमध्ये नेलं. एक ह्या बाजूचा, एक त्या बाजूचा, दोघं साधारण एकाच वयाचे. म्हणाले, खिडकीपासून चालत चालत आत जा आणि सुई ओवा. जिथं एका झटक्यात ओवेना, तिथं थांबा. दोघं एकाच फरशीवर थांबले. सरांनी तिथं रेघ मारली आणि सांगितलं, ह्या रेघेच्या आत दिवसा पण ट्यूब लागणार, बाहेर नाही. टेबलं कुणाचीही ठेवा.

कमिटीतले एक आजोबा बराच वेळ त्या रेघेकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आता भांडायचं कशावरनं?"

त्या दिवसापासून सुई-दोरा हे आमच्या ऑफिसचं मीटर झालं. सरांच्या कोटाच्या कॉलरला आतनं सुई टोचलेली असायची.

* * *

आता माझा किस्सा. तो मला फार आवडत नाही, पण सांगायला पाहिजे.

एका सुट्टीला निपाणीला घरी आलतो. आई खोकत होती. बोलताना दोनदा थांबायची. विचारल्यावर सांगेना. शेजारणीकडनं कळलं, आईला निवडीवरनं काढून धुरळ्याला बसवलंय. धुरळा म्हणजे पाल्याचा शेवटचा चुरा, तो चाळायचा. नाकातोंडाला कापड बांधलं तरी तंबाखू छातीत जातोच. त्या कामाला म्हाताऱ्या लावतात, आणि तिथनं बायका परत निवडीला आलेल्या कुणी बघितल्या नाहीत.

निवड म्हणजे पाल्यातनं काडी आणि हिरवट पान वेगळं काढायचं. आईचा निवडलेला ढीग चांगल्या पाल्याच्या नमुन्याशी जुळेनासा झाला होता. मुकादम म्हणाला, म्हातारीचे डोळे गेले. आई म्हणाली, "माझं डोळं न्हाईत गेलं. त्या जागेला उजेडच न्हाय."

ती जागा मला माहीत होती. वखारीला एक मोठं दार. दाराजवळच्या ओळीला उजेड, आणि आत आत अंधार. आमच्या गल्लीतल्या बायका कायम आतल्या ओळीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

आता बघा, मी रोज उजेडाचं काम करणारा माणूस. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा. मी काय केलं? आईचं ऐकलं नाही. मुकादमाचं ऐकलं. घरातल्या बल्बखाली तिच्या हातात सुई दिली आणि म्हटलं, ओव बघू. तिनं सुई बघितली, मग मला बघितलं.

"माझी परीक्षा घ्याय आलायस व्हय रं?" एवढंच म्हणाली आणि सुई परत दिली.

मी तरी बेळगावहून चष्मा करून आणला. तिनं तो घडीच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मी म्हटलं, घाल की गं. ती म्हणाली, माझ्या डोळ्याला काय धाड भरली न्हाय. मग मी पण बोलायचं सोडलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की तिचे डोळे गेलेत आणि ती मान्य करत नाही.

* * *

पुढच्या वर्षी त्याच वखारीच्या मालकाचं पत्र ऑफिसला आलं. वीज रोज जाते, काम थांबतं, काही उपाय सांगा. सर, मल्लाप्पा आणि मी निपाणीला गेलो.

मालक आणि मुकादम आम्हाला आत घेऊन गेले. मालकानं पहिल्यांदाच बजावलं, भिंतीत नव्या खिडक्या पाडायच्या नाहीत, वारं लागलं की पान कडक होऊन चुरतं. सर ऐकत चालत होते. आत एका कोपऱ्यात धुरळ्याच्या बायका होत्या. त्यातली एक माझी आई.

तिनं मला बघितलं. आणि पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, बगलेत ड्रॉइंगची गुंडाळी, बरोबर मालक. पोराचा मान कमी होईल म्हणून तिनं ओळख दाखवली नाही. आणि मी? मी पण दाखवली नाही. मालकाला सांगत राहिलो, हे छप्पर किती फूट, ती भिंत किती फूट. आयुष्यात एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. आजही वाटते.

बाहेर आल्यावर सरांनी चहा सांगितला. कप हातात घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. धुरळा, चष्मा, सुई. आणि आत जे झालं तेही. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "सुई दिलीस तेव्हा तिला बसवलं कुठं होतंस?"

मी म्हटलं, बल्बखाली.

"कुठल्या बाजूला?"

मला आठवेना. आईनं मला रोज दाराशी डावा हात करून बसवलं, आणि मी तिला कुठं बसवलं तेच मला आठवत नव्हतं. सरांनी माझी समजूत वगैरे काही घातली नाही. उठले, परत आत गेले आणि धुरळ्याच्या कोपऱ्यात जाऊन आईला नमस्कार केला. सगळ्या बायकांसमोर. म्हणाले, आमच्या ऑफिसात तुमचा नियम चालतो. आई घाबरून उभी राहिली. मी मग पुढं झालो आणि मालकाला सांगितलं, ही माझी आई. मालक म्हणाला, असं व्हय, बरं बरं. दुसरं काही झालं नाही. मी उगीच घाबरलो होतो.

तिथंच आईनं धीर केला. मुकादमाला म्हणाली, उजेड झाला की मला निवडीला एकदा बसवून बघा. मुकादमानं मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, बसवू. मुकादम म्हणाला, चालेल, पण नमुन्याला जुळलं न्हाई तर मग धुरळ्याला पण न्हाई, घरी बसायचं.

आई म्हणाली, व्हय.

* * *

काम तीन महिने चाललं. उत्तरेच्या उतारावर काचेच्या कौलांच्या ओळी. भिंतींना आतनं चुना. दक्षिणेला काही नाही. कौलांच्या खाली ट्यूबच्या चार ओळी, दाराला समांतर, प्रत्येकीला वेगळं बटण. मालक म्हणत होता, ट्यूब कशाला, साधे बल्ब लावा. सर म्हणाले, पिवळ्या बल्बखाली हिरवट पान आणि तांबूस पान एकच दिसतं, मग ट्यूबच पाहिजे, ती पण पांढरी.

मल्लाप्पानं ह्या वेळी ड्रॉइंग माझ्याकडनं वाचून घेतलं. बोर्ड बसवायच्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, इथं सगळ्यात अंधार कुठल्या ओळीला? मी आतली ओळ दाखवली. त्यानं बोर्डावरचं पहिलं बटण त्या ओळीला जोडलं. मग म्हणाला, खानापूरला मान वरनं मोजलेला, इथं आतनं मोजतो री. मी स्क्रू धरून उभा राहिलो.

मुकादमाच्या केबिनीला तेवढं हात लावू दिला नाही. तिला खिडकी नव्हती, टेबलावर एक पिवळा बल्ब लोंबत होता. दर हंगामाला मुकादम तिथं बसून चांगला पाला ताटात काढायचा. त्या ताटाला नमुना म्हणायचे, आणि वर्षभर सगळ्या बायकांचे ढीग त्याच्याशी जुळवून बघायचे. सरांनी दोनदा सांगितलं, हे पण करून घ्या. मालक म्हणाला, तिथं कोण काम करतंय? राहू द्या.

सुरू करायचा दिवस श्रावणातला होता. वर ढग. तरी कौलांतनं सारखा, मऊ उजेड सगळ्या वखारीत उतरला होता. दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं तेव्हा मल्लाप्पानं पहिलं बटण दाबलं. आतली ओळ लागली. दाराजवळच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. त्यांच्या ट्यूब लागायला अजून वेळ होता.

आई आतल्या ओळीत आपल्या जुन्या जागेवर बसली होती. चष्मा नव्हता. समोर पाल्याचा ढीग, डावीकडं चांगलं पान, उजवीकडं टाकायचं. हात भराभर चालत होते. मी खांबाला टेकून उभा होतो. घर तिच्या ह्या हातांवर उभं राहिलं होतं, आणि आज तिला घरी पाठवलं तर ती परत उभी राहणार नाही हे मला माहीत होतं.

ढीग संपला. मुकादम नमुन्याचं ताट घेऊन आला. आईचं चांगलं पान बघितलं, त्यात खोट निघेना. मग टाकलेलं पान उचललं आणि नमुन्याशेजारी धरलं. एक धरलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं.

"हे बघा," तो मालकाला म्हणाला. "नमुन्यात हाय तसलंच चांगलं पान हिनं टाकून दिलंय. डोळं गेल्यात, मी सांगत होतो."

मी पुढं होऊन बघितलं. खरंच होतं. आईनं टाकलेलं पान आणि ताटातली कितीतरी पानं अगदी एकसारखी. एवढं छप्पर उघडलं, एवढी ट्यूब लावली, आणि शेवटी मुकादमच बरोबर. सर माझ्या मागं उभे होते, त्यांच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

आई मुकादमाला म्हणाली, "बघू ते ताट."

त्यानं दिलं. आईनं ते मांडीवर घेतलं, दाराकडं डावा हात होईल अशी थोडी सरकून बसली, आणि निवडायला लागली. एक पान डावीकडं. एक उजवीकडं. घाई नाही, खोकला आला तर थांबायची, परत सुरू. दाराजवळच्या ओळीतल्या बायका उठून आत आल्या आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना खेटून उभ्या राहिल्या. ताट रिकामं झालं, तेव्हा उजवीकडचा ढीग डावीकडच्यापेक्षा मोठा होता.

आईनं डावीकडची पानं परत ताटात भरली आणि ताट मुकादमाच्या हातात दिलं.

"आप्पा, तुमचा नमुना निवडून दिलाय. आता माझा ढीग जुळतोय काय बघा."

मुकादमानं उजवीकडच्या ढिगातलं एक पान उचललं. कौलाखाली धरून बघितलं, तर केबिनीत न दिसलेली हिरवट झाक पानावर होती. मग ते घेऊन दारापर्यंत गेला, आणि पान उजेडात धरून तिथंच उभा राहिला, परत आत येईना. आईनं पुढचा ढीग जवळ ओढून घेतला.